चारचौघांत

विष्णुपंतांचं गुरुवारचं प्रवचन बुधवारी दुपारी अनसूयेच्या ओट्यावर शिजायचं. ओट्यावर म्हणजे खरोखरच ओट्यावर. शेगडीशेजारची हातभर जागा पुसून ती तिथं जुन्या कॅलेंडरचं पान पालथं पसरायची आणि काळ्या स्केचपेननं टपोऱ्या अक्षरांत लिहायला लागायची. अक्षर टपोरं, कारण विष्णुपंतांचे, तिच्या थोरल्या भावाचे, डोळे आता अधू झाले होते. कॅलेंडरचं पान, कारण त्याची पाठ कोरी असते आणि ती टाकून द्यायला अनसूयेचा जीव होत नसे.

ओळी ती वाक्यांप्रमाणे तोडत नसे, दादांच्या श्वासाप्रमाणे तोडायची. एक तिरपी रेघ म्हणजे अर्धा श्वास. दोन रेघा म्हणजे थांबा, चष्मा सावरा, लोकांकडे बघा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या विष्णुपंतांचा आवाज असा होता की मागच्या रांगेतला ठार बहिरा माणूससुद्धा मान डोलवायचा. आवाज त्यांचा, शब्द हिचे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याचा उल्लेख करत नसे. बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मदन महल वस्तीतल्या त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून देवळाचा हॉल होता. तिथं ती चपलांच्या ढिगाजवळच्या खांबाला टेकून बसायची आणि आपलं वाक्य कुठं उतरतंय ते बघायची. दहावीनंतरचं सगळं शिक्षण तिनं रद्दीतून, वाचनालयातून आणि भाच्यांच्या जुन्या पुस्तकांतून उपसलं होतं. लग्न राहून गेलं होतं. बावन्नाव्या वर्षी, हॉलमधली शंभर माणसं आपल्या एका तिरप्या रेघेवर श्वास धरतात, एवढी चैन तिला पुरत होती.

डिसेंबरातल्या एका सोमवारी बेबीताई आली. पदराखाली मटारच्या शेंगांची पिशवी, कपाळ मोकळं. शहराबाहेरच्या पनागरची बेबीताई आणि तिचा नवरा तुळशीराम गुरुवारी सकाळी गल्लीत भाजी विकायचे, दुपारी हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसायचे आणि दिवे लागायच्या आत परत जायचे. तुळशीरामला जाऊन आज पंधरा दिवस झाले होते.

"पंत झोपलेत," अनसूया म्हणाली. "तू बैस. चहा टाकते."

"चहा नको दीदी. दूध उतरत नाही गळ्याखाली." बेबीताई जमिनीवरच बसली आणि शेंगांची पिशवी पुढं सरकवली. "हे घ्या. त्यायच्या हातचे पेरलेले आहेत. एवढेच आता."

अनसूयेनं पिशवी घेतली. शेंगा परातीत ओतल्या. दोघी सोलायला बसल्या. हाताला काम असलं की तोंडाला जरा सवड मिळते.

"नाव घेत गेले जी," बेबीताई म्हणाली. "अस्सेच शेंगा सोलून राहिले होते. छातीवर हात ठेवला, दोनदा दत्त म्हणाले अन् कलंडले. सगळं गाव म्हणून राहिलं, पुण्यवान माणूस."

"पण राखीच्या सुमारास स्टेंट टाकला होता ना? बरे होते की."

"बरेच होते."

"आणि गोळ्या? रक्त पातळ करायच्या?"

"त्या तर दसऱ्यापासून बंद."

अनसूयेच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. "बंद? काहून?"

"पंतांनी सांगितलं ना." बेबीताईनं पदर सावरला आणि जसं हॉलमध्ये ऐकलं होतं तसंच, हळू, म्हणून दाखवलं. "गोळीनं देह चार दिवस टिकतो, नामानं जीव टिकतो. हात कशाला लावायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं."

'टिकतो'वर ती अर्धा श्वास थांबली. 'ठरवावं' झाल्यावर पूर्ण थांबली आणि अनसूयेकडे बघितलं. रेघा जिथं होत्या तिथंच होत्या. लिहितावाचता न येणाऱ्या बाईच्या तोंडात आपल्या स्केचपेनच्या रेघा जशाच्या तशा बसलेल्या अनसूयेनं पाहिल्या.

"तेच लिहून पाहिजे होतं," बेबीताई म्हणाली. "तुमचं अक्षर चांगलं आहे. यायच्या फोटोखाली लावीन. आमचा चिराग म्हणतो, फ्लेक्स करू. मी म्हटलं, फ्लेक्स नको, हातचं पाहिजे."

"देते," अनसूया म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? "गुरुवारी देते."

बेबीताई गेल्यावर तिनं सोललेल्या दाण्यांवर ताट झाकलं आणि पलंगाखालची पेटी ओढली. कॅलेंडरची पानं महिन्यावार गुंडाळून ठेवलेली होती. एवढा नीटनेटकेपणा नसता तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. हवं ते पान सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते वाक्य तिथं होतं, टपोरं, रेघांसकट. आणि त्याच्याखाली अजून एक ओळ होती. तिच्यावरून स्केचपेन एकदाच, पट्टीनं आखल्यासारखं, सरळ गेलेलं. खोडलेलं असूनही लख्ख वाचता येत होतं.

म्हणजे गोळ्या सोडा असं नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी हासुद्धा प्रसादच, तो वेळेवर घ्यावा.

तिला ती बुधवारची दुपार आठवली. हे वाक्य लिहून तिनं मोठ्यानं वाचून पाहिलं होतं. 'ठरवावं'नंतर ते लंगडत होतं. 'ठरवावं'वर हॉल कसा गप्प होईल ते तिला ओट्यापाशी उभं राहून ऐकू येत होतं, आणि त्या शांततेत हे दवाखान्याच्या पाटीसारखं वाक्य तिला नको होतं. म्हणून खोडलं. भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा घालावा, तितक्या सहज. दुसऱ्या दिवशी हॉल खरंच गप्प झाला होता. खांबाला टेकून बसलेली ती सुखावली होती, आणि तिसऱ्या रांगेत तुळशीराम बसला होता.

संध्याकाळी अवंतिका वही घेऊन खाली आली. विष्णुपंतांची नात, नववीतली. मराठी तिला समजायची सगळी, बोलायची वेळ आली की निम्मी वाट हिंदीतून चालायची.

"आत्याआजी, प्रोजेक्ट आहे. एक व्हर्ब घ्यायचं और उसका पूरा खानदान लिहायचं. मीनिंग, ओरिजिन, सब. मी प्रीच घेतलं."

"प्रीच का?"

"आजोबा करतात ना. टीचर खूश होईल." तिनं वहीत बोट ठेवलं. "लॅटिनमधून आलं. प्रीडिकारे. त्यात प्री म्हणजे पुढे, सामने. आणि दिकारे म्हणजे अनाउन्स करणं. मग फ्रेंचमध्ये गेलं, तिथून इंग्लिशमध्ये. मराठीत काय लिहू? उपदेश करणे?"

"मूळ अर्थात उपदेश आहे का कुठं?"

अवंतिकेनं पुन्हा वाचलं. "नाही. ओरिजिनल में तो फक्त, लोकांच्या समोर उभं राहून सांगणं. पब्लिकली. चर्चवाले नंतर वापरायला लागले. आणि ते मम्मा मला म्हणते ना, डोन्ट प्रीच, शहाणपणा शिकवू नको, ते तर बहोत बाद में."

"चारचौघांत सांगणं," अनसूया म्हणाली.

"हां, वोही. चारचौघांत." मुलीनं लिहून घेतलं. "एक उदाहरण पण पाहिजे. आजोबांचं एखादं वाक्य दे ना. ते गोळीवालं दे, ते मस्त आहे. माझ्या मैत्रिणीच्या दादीनं स्टेटस ठेवलंय."

"ते नको."

"काहून?"

"ते अर्धं आहे," अनसूया म्हणाली. मुलगी पुढचं विचारणार तेवढ्यात वरून आईनं हाक मारली.

'चारचौघांत' या शब्दानं रात्री तिला काही साधुत्व आलं नाही. उलट चिडच आली. उपदेश असता तर बरं होतं. उपदेश ऐकणाऱ्यावर सोडून देता येतो. चारचौघांत सांगितलेलं परत घ्यायचं तर तेही चारचौघांतच घ्यावं लागणार. बेबीताईला कोपऱ्यात घेऊन पुटपुटल्यानं भागणार नव्हतं, कारण ते वाक्य आता कुणाकुणाच्या घरात, कुठल्या गोळ्यांच्या डब्यावर बसलं असेल, कोण जाणे.

सकाळी तिनं दादांपुढं चहा ठेवला आणि शेजारी ते पान उलगडलं. सांगितलं सगळं. विष्णुपंतांनी चष्मा चढवला, काढला, पुसला.

"मी कुठं म्हटलं, गोळ्या सोडा?"

"नाही म्हटलं."

"मग झालं तर. त्याचं आयुष्य तेवढंच होतं."

"दादा, स्टेंट टाकलेल्या माणसानं ती गोळी सोडली की काय होतं ते कंपाउंडरसुद्धा सांगेल. ही खालची ओळ येत्या गुरुवारी म्हणा. बाकी काही नको. आधी राहून गेली होती, एवढंच म्हणा."

"राहून गेली होती का?"

"मी खोडली होती."

विष्णुपंतांनी चहाचा कप बाजूला सरकवला. वाईट माणूस नव्हता तो. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र तिचे पाय दाबत बसलेला माणूस. पण बारा वर्षं लोक पाया पडत आले की पायांना एक सवय होते. "अनू," ते म्हणाले, "माणसं तिथं आधार घ्यायला येतात. एकदा बोललेलं मी चुकलं म्हणालो, की मागचं सगळंच हलतं. आणि भाऊरावांनी ते वाक्य हॉलच्या दारावर रंगवायला घेतलंय. अर्धी पाटी झालीसुद्धा."

भाऊराव म्हणजे देवळाचे विश्वस्त. रंगाचं काम त्यांच्याच पुतण्याकडे होतं, त्यामुळे सुविचारांची टंचाई त्यांना परवडत नसे.

"मग मी लिहून देते, तुम्ही वाचा," अनसूया म्हणाली. "आजवर तेच तर करत आलो आपण."

त्यावर ते काही बोलले नाहीत. तिनं ते होकारात धरलं.

बुधवारी तिनं पान पसरलं आणि पहिल्याच ओळीवर ते वाक्य घातलं, सगळ्यांत टपोरं. त्याच्यानंतर दोन रेघा. बेबीताईसाठी मात्र काही लिहिलं नाही. तीनदा कागद घेतला आणि तीनदा शेगडीत घातला.

गुरुवारी हॉल भरला होता. दारावरच्या पाटीवर 'गोळीनं देह चार दिवस टिकतो' इतकं निळ्या रंगात रंगवून झालं होतं, पुढचं खडूनं आखलेलं. अनसूया खांबाशी बसली. तिच्या पुढ्यात भानुमतीबाई होत्या, सत्तरी उलटलेल्या, सदर भागातल्या लेकीकडून मुद्दाम ऑटो करून येणाऱ्या. त्यांनी मागं वळून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं, ऐकलंस का तुळशीरामचं? केवढं भाग्याचं मरण."

"हं."

"मी पण सोडल्यात हो. बीपीच्या. दिवाळीपासनं. लेकीला नाही सांगितलं, उगाच डोकं खाते. चक्कर येते जरा, पण मन कसं हलकं वाटतं."

अनसूयेनं त्यांचा हात धरून ठेवला. सोडवेना.

विष्णुपंत उभे राहिले. पान हातात घेतलं, चष्मा सावरला, पहिल्या ओळीकडे बघितलं. आपल्याला इतक्या लांबून त्यांचे डोळे दिसत नाहीत हे माहीत असूनही अनसूयेला दिसलं, की ते त्या ओळीवर आले, थांबले, आणि खाली उतरले. त्यांनी दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच होता. खणखणीत, मायाळू.

तिसऱ्या रांगेत बेबीताई मान डोलवत होती. शेजारची तुळशीरामची जागा तिनं पिशवी ठेवून धरली होती.

अनसूया उठली. तिनं आयुष्यात चारचौघांत उभं राहून कधी काही म्हटलं नव्हतं, मंगळागौरीला गाणंसुद्धा नाही.

"दादा, पहिली ओळ राहिली."

शंभर माना वळल्या. विष्णुपंत थांबले. भाऊराव पुढच्या रांगेतून अर्धवट उठत म्हणाले, "दीदी, नंतर. प्रवचन चालू आहे."

"ते प्रवचनातलंच आहे," ती म्हणाली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला आपल्याच श्वासासाठी रेघा मारता येत नाहीत. कुठंही थांबत होती, कुठंही धाप लागत होती. "ते गोळीचं वाक्य. दसऱ्याच्या वेळचं. ते मी लिहिलं होतं. ही प्रवचनं मी लिहिते. त्याच्याखाली होतं की, गोळ्या सोडू नका. डॉक्टरांची गोळी हा प्रसादच, वेळेवर घ्या, असं होतं. ते मी खोडलं. कानाला बरं लागेना म्हणून खोडलं. दुसरं कारण नाही. तुळशीरामनं ते अर्धंच ऐकलं आणि गोळी सोडली. त्यानं तो गेला. नामानं नाही गेला, गोळी सोडल्यानं गेला. ज्यांनी ज्यांनी सोडल्या असतील त्यांनी आज घरी जाऊन... आज डॉक्टरकडे जा. विचारून परत सुरू करा. दारावरचं पुसा."

ही दसऱ्याच्या वेळची शांतता नव्हती. हिच्यात कुणी श्वास धरला नव्हता. माणसं नुसती एकमेकांकडे बघत होती. एक बाई उठली आणि चपला शोधू लागली. कुणीतरी मागून हिंदीत म्हणालं, मतलब पंडितजी खुद नहीं लिखते? आणि दुसरं कुणी हसलं. भानुमतीबाईंनी आपला हात सोडवून घेतला होता. त्या पिशवीत काहीतरी चाचपत होत्या, फोन असावा.

विष्णुपंतांनी हातातल्या पानाची घडी केली. एकदा, दोनदा, चारदा. मग ते बसले. बसल्यावर ते एकदम म्हातारे दिसायला लागले, आणि ते बघून अनसूयेला वाटलं, जाऊन त्यांच्या खांद्यावर शाल घालावी. पण बेबीताई उठली होती.

ती पिशवी उचलून रांगांमधून सरळ आली, लोक पाय आखडून वाट देत होते. अनसूयेपुढं येऊन उभी राहिली, आणि तिचा दंड धरून तिला बाहेर, पायऱ्यांवर घेऊन आली. पाटीखाली रंगाचा डबा आणि ब्रश तसाच पडलेला होता.

"ते वाचले असते म्हणता?"

"बहुतेक."

"बहुतेक नका म्हणू दीदी. आत बहुतेक नाही म्हटलं तुम्ही."

"वाचले असते," अनसूया म्हणाली.

बेबीताई खालच्या पायरीवर बसली. रडली नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा निळा थेंब घासत राहिली. तो निघत नव्हता.

"माझ्यापाशी एकच गोष्ट होती," ती म्हणाली. "नाव घेत गेले. पंधरा दिवस त्याच्यावर भात खाल्ला मी. तेही घेतलं तुम्ही."

अनसूया तिच्या शेजारी बसली. माफ कर म्हणावं असं वाटलं, पण माफी मागणं म्हणजे पुन्हा हिच्याकडेच काहीतरी मागणं झालं असतं.

"ते तर गोळ्या ठेवत होते," बेबीताई थोड्या वेळानं म्हणाली, अंगठ्याकडेच बघत. "म्हणे, राहू दे डब्यात, कधी लागली तर. मीच फेकल्या. नालीत. म्हटलं, गुरुवारी ऐकलं ना आपण, मग अर्धवट काहून करता? चिराग विचारून राहिला, गोळ्यांचं पाकीट कुठं आहे. तीनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, हरवलं. तो सुनेला म्हणतो, आईला काही विचारू नको, आई दुःखात आहे. माझ्या ताटात स्वतः भात वाढतो."

आतून भाऊरावांचा आवाज येत होता, आरती घ्या, आरती घ्या. टाळ सुरू झाले, पण ठेका जमत नव्हता.

बेबीताई उठली. पिशवी खांद्याला लावली. "तुम्ही चला माझ्यासंगं."

"कुठं?"

"पनागरला. चिरागसमोर सांगा. सून असेल, दीर असतील, सगळे आहेत घरी. तुमचं तुम्ही सांगा." ती थांबली. "माझं मी सांगते. एकटीनं नाही होत."

अनसूयेनं मागं बघितलं. दारातून हॉलचा तुकडा दिसत होता. दादा अजून खालीच बसलेले होते, मांडीवर कागदाची घडी. तिला आठवलं, गॅसवर दूध झाकून ठेवलंय, दादांची सातची गोळी काढून द्यायची आहे. तिनं पायऱ्यांवरूनच अवंतिकेला फोन लावला.

"आजोबांना सात वाजता गोळी दे. पांढरी. मी पनागरला चाललेय."

"अभी? काहून, आत्याआजी?"

"आल्यावर सांगते."

कोपऱ्यावर ऑटो मिळाला. दमोह नाक्याला तो सोडून दुसरा धरावा लागणार होता. दोघी मागं बसल्या, मध्ये बेबीताईची पिशवी. नाक्याला ऑटो बदलला, अधारताल मागं पडलं. उजेड उतरायला लागला होता, रस्त्याकडेला मटारच्या पोत्यांनी भरलेले टेम्पो शहराकडे निघाले होते.

"काय सांगाल त्याला?" बेबीताईनं विचारलं. "मले आधी म्हणून दाखवा."

अनसूयेनं तोंड उघडलं. पहिलं वाक्य आलं, ते चांगलं होतं, नीट तोललेलं, रेघांसकट. तिनं ते गिळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.